आमदाराचे अपडेट म्हणजे नुसती फोटोबाजी? त्या फॉरवर्डला मुद्द्यामुद्द्याने उत्तर

अधिवेशन आलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर दर वेळी थोडा बदलतो पण सूर तोच: आमदारांचे ते "आज सभागृहात प्रश्न मांडला" वाले अपडेट म्हणजे टाइमपास आहे, प्रत्येकाला वर्षाला ५ कोटी मिळतात ते कुठे जातात ते विचारा, कायदे मंत्री करतात, आमदार फक्त हात वर करतो, विधेयकं मंजूर होतात पण लागू होत नाहीत, त्यापेक्षा जो गल्लीत येऊन गटार साफ करून घेतो तोच खरा आमदार, बाकी आपल्या हातात काही नाही. शेवटी "पटलं तर पुढे पाठवा". लोकांना पटतं, कारण राग खरा आहे. पण मेसेजमधले निम्मे मुद्दे चुकीचे आहेत आणि उरलेले अर्धवट. एकेक घेतो.

"५ कोटी मिळतात, खिशात घालतात"

आमदार स्थानिक विकास निधी आधी ४ कोटी होता, मार्च २०२२ च्या बजेट अधिवेशनात तो ५ कोटी जाहीर झाला, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण हे पैसे आमदाराच्या खात्यावर येतच नाहीत. निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, आमदार फक्त काम सुचवतो, म्हणजे शिफारसीचं पत्र देतो. मग बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद किंवा नगरपालिका, जी यंत्रणा काम करणार असेल ती अंदाजपत्रक काढते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर आणि काम झाल्यावर ठेकेदाराचं बिल. आता टक्केवारीच्या तक्रारी होतात, त्या सगळ्या खोट्या आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ती पकडायची तर वरच्या साखळीतला कुठला कागद मागायचा ते माहीत पाहिजे, "५ कोटी खाल्ले" असं ओरडून कुणीच सापडत नाही, उलट आमदाराचे कार्यकर्ते हसत हसत सांगतात की बाबांनो पैसे साहेबांकडे येतच नाहीत, आणि तेवढ्यापुरते ते खरं बोलत असतात.

दुसरं म्हणजे ५ कोटी आकडा ऐकायला मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, विधानसभेचे मतदारसंघ २८८, म्हणजे सरासरी एकेका मतदारसंघात ३.९ लाख माणसं. करा भागाकार, माणशी वर्षाला १३० रुपयेसुद्धा होत नाहीत. रस्ते, पूल, दवाखाने यांचा मोठा पैसा राज्याच्या बजेटमधून आणि पुरवणी मागण्यांमधून (बजेटनंतर वर्षात मागितलेल्या जादा पैशातून) येतो. तुमच्या भागातला पूल बजेटमध्ये घातला का आणि त्यापुढे तरतूद किती टाकली, खरी की नावापुरती, इथे आमदाराची धमक कळते. अपडेटमध्ये हे असेल तर वाचण्यासारखं आहे. समाजमंदिराच्या कंपाउंडचं भूमिपूजन नाही वाचलं तरी चालेल.

"प्रश्न विचारून काय होतं, उत्तरं कोण वाचतं"

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मेसेजने नेमक्या कामाच्या गोष्टीलाच टाइमपास म्हटलंय.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं तो, कधी छापील बघितलाय का? त्याची एक ठरलेली भाषा असते. समजा एखाद्या पुलाचं काम रखडलंय, तर प्रश्न असा येतो: "(१) सदर पुलाचे काम दोन वर्षांपासून रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि समोर संबंधित मंत्र्याच्या नावाने उत्तर: "(१) हे खरे आहे" किंवा "हे अंशतः खरे आहे" किंवा "हे खरे नाही", आणि शेवटी ते प्रसिद्ध "प्रश्न उद्भवत नाही".

हसू येतं वाचून, पण थांबा. "हे खरे आहे" हे तीन शब्द सरकारने लेखी दिलेत. तालुक्याच्या ऑफिसात जो साहेब सहा महिने "आमच्याकडे अशी काही तक्रारच नाही" सांगत होता त्याच्यासमोर हा कागद ठेवता येतो, माहिती अधिकाराच्या अर्जात त्याचा संदर्भ देता येतो, वकिलाला देता येतो. सभागृहात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या अवमानाचा विषय होतो, म्हणून त्या उत्तराचा मसुदा खालच्या ऑफिसपासून मंत्रालयापर्यंत फिरतो आणि त्या निमित्ताने धूळ खात पडलेली फाइल कुणीतरी उघडतं. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, लागली तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आमदार उपप्रश्न विचारतो, आणि मंत्र्याने "चौकशी करू", "महिन्याभरात बैठक लावू" असं म्हटलं की त्याचं आश्वासन होतं, त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. ती सुस्त आहे, आश्वासनं लोंबकळत राहतात, हे मान्य. पण लोंबकळलेलं आश्वासन निदान नोंदीत असतं. गल्लीत खांद्यावर हात ठेवून "बघतो रे भाऊ" म्हटलेलं कुठे असतं?

आणि हो, उत्तर आणायला आमदाराच्या घरी जायची गरज नाही, प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि सभागृहाची कार्यवाही विधिमंडळाच्या वेबसाइटवर येते. शोधायला किचकट आहे, एवढं खरं.

"कायदे मंत्री करतात, आमदार फक्त हात वर करतो"

अर्धं खरं. जवळपास सगळी विधेयकं सरकारच आणतं आणि १९८५ ला पक्षांतरबंदी आल्यापासून व्हिप (असंच मत द्या हा पक्षाचा आदेश) निघाला की आमदाराला पक्षाच्या विरोधात मत देणं म्हणजे आमदारकी धोक्यात घालणं. अशासकीय किंवा खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतः आणलेलं, कुठलाही आमदार मांडू शकतो पण ते पास होणं दुर्मिळ, संसदेतसुद्धा १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. तेव्हा "मी विधेयक मांडलं" असा अपडेट आला तर हुरळून जायचं काही कारण नाही.

पण मतदान ही शेवटची पायरी आहे, मधल्या पायऱ्या मेसेज गाळून टाकतो. नक्षली संघटनांवर कारवाईसाठी म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचंच बघा. जुलै २०२४ ला आलं, डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने लोकांकडून सूचना मागवल्या तर १२ हजारांहून जास्त आल्या, आणि जुलै २०२५ ला पास होताना मूळ मसुद्यातली भाषा, सल्लागार मंडळाची रचना, तपास कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, यात बदल झालेले होते. कायदा चांगला की वाईट हा वेगळा वाद, मला इथे त्यात पडायचं नाही. मुद्दा एवढाच की सूचना पाठवायची मुदत ज्यांना वेळेत कळली त्यांनीच सूचना पाठवल्या. तुमच्या आमदाराने तेव्हा ती तारीख टाकली होती का वाढदिवसाचे बॅनर, हे जाऊन बघा त्याच्या पेजवर.

आणि आमदार काहीच सुचवत नाही म्हणणाऱ्यांसाठी वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, मंत्री नव्हेत. १९६५ च्या सुमाराला सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम हा प्रयोग त्यांच्या कल्पनेतून झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ ला याच योजनेच्या पैशासाठी सुरू झाला. देशाचा कायदा त्यानंतर, २००५ ला.

"मंजूर करतात, लागू करत नाहीत"

हा मुद्दा मेसेजमध्ये थोडक्यात आहे पण घोळ मोठा आहे. सभागृहात मंजूर होणं आणि कायदा होणं या दोन गोष्टी आहेत. राज्यपालांची संमती लागते, आणि विषय केंद्राच्या कायद्याला छेद देणारा असेल तर राष्ट्रपतींची. महिलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक आठवतंय? डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकमताने पास केलं, पक्ष कुठलाही असो आमदारांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या, "शक्ती कायदा झाला" म्हणून. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही आणि तो लागू झालाच नाही. म्हणजे इथे फसवाफसवी मंजुरीत नव्हती, त्या पोस्टमध्ये होती. मंजुरीचे पेढे वाटले तर संमती अडकली हेही त्याच पेजवर सांगायला हवं होतं, किती जणांनी सांगितलं?

"गटार साफ करतो तोच खरा आमदार"

गटार, कचरा, दिवाबत्ती हे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेचं काम. राष्ट्रीय महामार्गावरचा खड्डा केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्यमार्गाचा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्ता जिल्हा परिषदेकडे. आमदाराने फोन केला तर काम लवकर होतं, नाही कोण म्हणतंय, आणि मधली काही वर्षं महापालिकांमध्ये नगरसेवकच नव्हते (मुंबईत तर मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढे प्रशासकच), तेव्हा लोक जाणार तरी कुणाकडे. पण मग आमदार गटारावर उभा राहून फोटो काढतो आणि आपण त्यालाच लाइक देतो, आणि पुढच्या वेळी तो तेच जास्त करतो. फोटोबाजीला शिव्या घालणारा मेसेजच फोटोबाजीचं बक्षीस वाटून मोकळा होतो, ही गंमत कुणाच्या लक्षात येत नाही.

"आपल्या हातात काही नाही"

हे तर साफ चूक. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिथे सामान्य नागरिकाचं गाऱ्हाणं आमदारामार्फत जातं. दाखला वेळेत मिळत नसेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दोन अपिलं आणि वर आयोग, त्याला आमदाराच्या चिठ्ठीची गरजसुद्धा नाही.

आणि पुढचा अपडेट आला की खाली "जय हो दादा" लिहिण्याऐवजी विचारा: दादा, प्रश्न क्रमांक काय? मंत्र्यांचं लेखी उत्तर टाका ना. ताई, कामाला प्रशासकीय मान्यता कुठल्या तारखेची, का अजून पत्रच दिलंय? ज्याने खरंच पाठपुरावा केलाय त्याच्या पीएकडे ही कागदं असतातच, फोटो काढून टाकायला पाच मिनिटं लागतात.