लोहाराचं पोर जेवलं का?

आमच्याकडे रात्री अकरानंतर एक ठरलेला प्रश्न असतो. ओटा आवरून, पोरीला झोपवून मी लॅपटॉप उघडला की नवरा कूस बदलत विचारतो, “लोहाराचं पोर जेवलं का?”

लोहाराचं पोर म्हणजे हेन्री, ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या व्हिडिओ गेमचा नायक. साल १४०३, बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक देशातलं, स्कालिट्झ नावाचं खेडं. तिथल्याच प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओने २०१८ साली हा गेम आणला. गेम सुरू होतो आणि बाप कामं सांगतो: कोळसा आण, गडावरून तलवारीच्या मुठीचं आडवं लोखंड घेऊन ये, गुत्त्यातून गार बिअर आण आणि त्या कुनेशकडून कुऱ्हाड-हातोडा-खिळ्यांचे थकलेले पैसे वसूल कर. मी ऐटीत कुनेशच्या दारात गेले. त्या दारुड्याने मला बुकलून अंगणात आडवं केलं. आधी खेळलेल्या गेम्समध्ये एव्हाना माझ्या हातात जादूची तलवार आलेली असायची. इथे थकबाकी वसूल होईना.

त्याच दिवशी सिगिस्मुंडची फौज गावावर येते. सिगिस्मुंड म्हणजे राजा व्हेन्सेस्लास चौथा याचा सावत्र भाऊ. त्याने राजालाच कैदेत टाकलंय. हे राजकारण हेन्रीला ओ की ठो कळत नाही, त्याला फक्त जळणारं घर दिसतं. मला हा गेम आवडला तो इथे. इतिहासाच्या नावाखाली आपल्याला कायम सिंहासनावरून खाली बघायची सवय. इथे घोड्याच्या टापांशी उभं राहून वर बघायचं.

आणि मग भूक. हेन्रीला भूक लागते, झोप येते, पिशवीतलं मांस नासतं आणि नासलेलं खाल्लं तर तो आजारी पडतो. रक्ताने माखलेले कपडे घालून कुणाशी बोलायला गेलं तर लोक नाक मुरडतात. चिलखत थेट अंगावर चढवता येत नाही. आत गोधडीसारखा जाड अंगरखा, त्यावर साखळ्यांचं कवच, त्यावर लोखंडी पत्रे. वरून शिरस्त्राण घातलं की समोर दिसतं फक्त एका चिरेतून. वार कुठून आला ते कळेपर्यंत वार झालेला असतो.

सगळ्यात दुष्टपणा सेव्ह करण्यात, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे साठवून ठेवण्यात आहे. मनात आलं की सेव्ह, असं नाही. आपल्या खाटेवर झोपा, नाहीतर सेव्हिअर श्नॅप्स नावाची दारू प्या. ती विकत महाग, म्हणून नेटलची खाजरी पानं आणि बेलाडोना गोळा करून वाइनमध्ये स्वतः उकळायची. फार प्यायली की हेन्री झिंगतो. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीय, तो चार्जरवरच चालतो. एकदा मी श्नॅप्स वाचवत वाचवत तीन तास जंगलात फिरले, दरोडेखोरांची छावणी मोकळी केली आणि लाइट गेली. अंधारात मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर प्रत्येक मारामारीआधी माझ्या पोटात जो गोळा यायचा, तसा एरवी कुठल्याच गेममध्ये आला नाही.

हेन्रीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीसुलटी झालेली दिसतात. उझिट्झच्या लेखनिकाकडे शिकायला जावं लागतं आणि नंतरही शब्द हळूहळूच जागेवर येतात. ते पान बघून मला सासरच्या पेटीतले मोडी कागद आठवले. तोच देश, तीच भाषा, आडनावही आमचंच आणि मी त्यापुढे ठार अडाणी. जाणकाराकडून वाचून घेतले तेव्हा कळलं की सगळा तंटा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता.

गेममध्ये खोट आहेच. अर्ध्यानंतर हेन्री इतका तगडा होतो, असं भारी चिलखत चढवतो की भीती संपते आणि भीतीबरोबर मजाही. सासाउच्या मठात नवशिका साधू बनून राहायचा भाग मला रटाळ वाटला. घंटा, प्रार्थना, पुन्हा घंटा. बायका तर बहुतेक कथेच्या कडेला उभ्या. म्हणून २०१९ साली आलेली थेरेसाची जोडकथा मी दोनदा खेळले. स्कालिट्झवरचा तोच हल्ला, पण आता आपण गिरणीवाल्याची मुलगी. सोबत एक कुत्रा, बाकी लपत लपत जीव वाचवायचा. पुढे हेन्रीला वाचवणारी हीच, पण मुख्य कथेत ते दोन वाक्यांत उरकलंय!

यानंतर हलकंफुलकं काही खेळावं म्हणून ‘धिस वॉर ऑफ माइन’ घेतला, तो निर्णय चुकला. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा २०१४ चा गेम, सारायेवोच्या १९९२ ते १९९६ च्या वेढ्यावरून सुचलेला. शहर काल्पनिक, माणसं साधी. दिवसा स्नायपरच्या भीतीने घरात, रात्री एकाने बाहेर पडून डबे, लाकडं, औषधं शोधायची. मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरले. म्हातारा गयावया करत मागे मागे फिरत होता आणि मी त्यांच्या कपाटातलं सगळं पिशवीत भरत होते. घरी परतल्यावर माझी माणसं खचून बसली. गेम ओरडत नाही, गुण कापत नाही, नुसतं तुमचं माणूस भिंतीशी बसून राहतं. पोलंडने २०२० साली हा गेम शाळेच्या शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घातला, ते मला पटतं.

आता आपल्याकडचे मित्र म्हणतात, शिवकाळावर असा गेम पाहिजे. पाहिजेच. पण कृपा करून महाराजांना माझ्या हातात देऊ नका, माझी बोटं कुनेशसमोरही थरथरतात. मला गडाचा कारखानीस, म्हणजे कोठारं सांभाळणारा, करा. पन्हाळ्याला सगळे बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढत असतात, मी अंबरखान्यात रेंगाळते. गंगा, यमुना, सरस्वती, अशी नावं असलेल्या धान्याच्या कोठ्या! १६६० च्या वेढ्यात महाराज जुलैच्या त्या पावसाळी रात्री निसटले. आपली गोष्ट त्यांच्यामागे धावत विशाळगडाला जाते. पण पन्हाळा त्यानंतरही काही काळ झुंजत होता, मग तो आदिलशाहीकडे गेला. माझा गेम त्या रात्रीनंतरच्या सकाळी सुरू व्हावा. पाऊस पडतोय, खाली सिद्दीची छावणी तशीच आहे आणि मी हातात दिवा घेऊन यमुना कोठीत उतरून बघतेय की नाचणीला भुंगा लागलाय का.