उंच रोप मागू नका, खोड बघा

दरवर्षी ५ जून आला की आमच्या नर्सरीत गाड्यांची लाईन लागते. पर्यावरण दिनाला लोक रोपं न्यायला येतात, मला मनापासून बरं वाटतं. पण सात वर्षं झाली मी नाशिकजवळ मखमलाबादकडं नर्सरीत रोजानं कामाला जातेय आणि दरवर्षी तेच बघतेय म्हणून आज सगळं लिहिते, मोठं झालं तरी वाचा.

सकाळी हजेरी लागली की आधी माती चाळायची, मग लाल माती, शेणखत, वाळू घमेल्यानं मोजून कालवायची आणि पिशव्या भरायला बसायचं. लोकांना वाटतं माती भरायला काय अक्कल लागते. अहो पिशवीचे खालचे कोपरे बोटानं दाबून बसवले नाहीत तर पिशवी उभीच राहत नाही, सैल भरली तर पहिल्या पाण्यालाच माती खाली बसते आणि वरचं प्लास्टिक रोपावर दुमडतं, ठोकून भरली तर पाणी वरच तुंबतं. हे हातालाच कळतं. माझ्या दिवसाला ५००-६०० पिशव्या होतात, संध्याकाळी भाकरी थापताना अंगठा ठणकतो.

बियांचं पण तसंच, सागाचं बी रात्री भिजवायचं दिवसा उन्हात वाळवायचं असं बरेच दिवस, तेव्हा कुठं ते उगवतं. नंतर निंदणी, लव्हाळा तर कितीही काढा परत हजर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिशव्या हलवणं. रोपाचं मूळ पिशवीच्या भोकातून खाली जमिनीत घुसतं, म्हणून सारखी पिशवी उचलून बाहेर आलेलं मूळ कापून परत मांडावी लागते. वाकून वाकून कंबर जाते पण हे चुकवलं तर रोप नेताना मूळ तुटतं आणि रोप मान टाकतं.

आता माझी तक्रार. गिऱ्हाईक आलं की म्हणतं ताई उंच द्या, फोटोत दिसलं पाहिजे. उंच कुठलं असतं, तर लहान पिशवीत दोन पावसाळे राहिलेलं. मागच्या वर्षी परत आलेलं असं एक मेलेलं रोप मी स्वतः ब्लेडनं फाडून बघितलं, आत माती दिसतच नव्हती, मुळं गोल गोल गुंडाळून अगदी डोक्यावरच्या चुंबळीसारखी झालेली. असलं रोप खड्ड्यात लावलं तरी मुळं गोलच फिरत राहतात, वारा आला की आडवं. त्याच्या शेजारी गुडघ्याएवढं, बोटभर जाड खोडाचं करंजाचं रोप असतं, ते कोणी बघत नाही!! आणि उचलताना खोडाला धरून ओढतात, पिशवीला धरा ना, आत मुळं सुटतात.

५ जूनला नाशिकमध्ये पाऊस कुठं बसलेला असतो? पहिले एकदोन वळीव पडून जातात आणि मग पंधरा पंधरा दिवस ऊन. भाषणं होतात, रोप लावतात, बऱ्याचदा पिशवी न काढताच लावतात, आणि आम्ही वर्षभर सांभाळलेलं आठ दिवसांत वाळतं. जमीन चांगली भिजू द्या, जूनच्या शेवटाला, जुलैत लावा.

२०२५ ला तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचं निघालं तेव्हा आपले नाशिककर रस्त्यावर आले, मला फार अभिमान वाटला. तेव्हा बरेच जण म्हणत होते की तोडली तर दुसरीकडं लावू. लावायची ती रोपं आमच्यासारख्या बायकांच्या हातातूनच येणार, आणि मोठं झाड व्हायला किती वर्षं जातात ते आम्हाला विचारा. मोजायचं तर तीन उन्हाळ्यांनी जगलेली मोजा, लावलेली नाही, आणि रोप वाढवणाऱ्या बाईला मजुरी पण नीट द्या, आमच्याकडं पावसाळा सरला की अर्ध्या बायकांना घरी बसवतात.

उद्या रविवार आहे तरी आम्ही चौघीजणी निंबोळ्या गोळा करायला निघालोय. कडुनिंबाचं बी साठवून चालत नाही, दोन आठवड्यांच्या आत पेरलं तरच चांगलं उगवतं. कोणाच्या दारात, शेताच्या बांधावर पिकलेल्या निंबोळ्या पडत असतील तर झाडून फेकू नका, कमेंटमध्ये कळवा, आम्ही पोतं घेऊन येतो.