९० मिनिटांविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार महोदया,

गेल्या रविवारी जुन्या कापड गिरणीतल्या आमच्या स्पामध्ये आपला जो विरस झाला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पाणी कोमट होते, ही आपली तक्रार अगदी रास्त आहे. जुलैमध्ये दोन-तीन दिवस ऊन पडले नाही की छतावरचे सौर बंब हात टेकतात. अशा वेळी विजेचा गीझर दुपारीच लावायला हवा होता, तो आम्ही लावला नाही.

मात्र "९० मिनिटांचे पैसे घेऊन ६५ मिनिटांत गुंडाळले" हे वाक्य वाचल्यापासून माझे कशात लक्ष नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. आपली वेळ ४ ते ५.३० अशी ठरली होती. फाटकावरच्या वहीत आपली नोंद ४.३२ ची आहे. लोअर परळमध्ये गाडी कशी अडकते हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल आम्ही कुणाला बोल लावत नाही. परंतु त्यानंतर आपण गिरणीच्या चिमणीखाली व्हिडिओ काढत होतात आणि आमचे रखवालदार आपल्याला दोनदा बोलावून गेले. (व्हिडिओ सुरेख आला आहे, हेही प्रांजळपणे सांगते.) अभ्यंग सुरू झाले ४.४५ ला आणि संपले ५.५० ला. म्हणजे ठरलेल्या वेळेपुढची २० मिनिटे आपल्याला मिळाली, आणि ती चादरी बदलणे, तेलाची भांडी धुणे आणि मालिश करणाऱ्या ताईंचा चहा यांसाठी राखलेल्या अर्ध्या तासातून काढलेली होती. ताई घड्याळाकडे बघत होत्या असे आपण लिहिले, ते खरे आहे, कारण ६ वाजताच्या बाई बाहेर येऊन बसल्या होत्या.

"गोदामासारखी जागा, भिंतींना कुबट वास, पर्यावरणपूरक हा नुसता बोर्ड" असेही आपण लिहिले आहे. वास चुन्याच्या गिलाव्याचा आहे. सिमेंट थापले असते तर ओल भिंतीतच कोंडली असती, चुना ती बाहेर सोडतो आणि पावसाळ्यात ते नाकाला जाणवते. करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे आहेत, त्या साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, थेट ऊन न पडता उजेड यावा म्हणून बसवलेल्या, आणि त्यांच्यामुळे आम्हाला दुपारी दिवा लावावा लागत नाही. माझे वडील १९८२ च्या गिरणी संपापर्यंत अशाच एका साचेखात्यात होते, त्यामुळे "गोदाम" हा शब्द मला जरा अधिक लागला असेल.

गीझरचे, वासाचे आणि उशिराबाबतची सूचना ठळक करण्याचे आम्ही लवकरच काही तरी करत आहोत. स्नानाची रक्कम आपल्याला परत करू, पावतीचा क्रमांक तेवढा कळवावा. ताईंविषयीची ती एक ओळ मात्र शक्य असल्यास काढून टाकावी. त्यांनी ती वाचली आहे.

आपली नम्र,
संचालिका