जमीन वाढते, भिंती झिजतात. पण किती जमीन, आणि कुठली?

घर घ्यायचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "जमिनीची किंमत वाढते, बांधकामाची घटते. म्हणून लांब का असेना, मोठ्या प्लॉटवरचं घर घ्या. प्लॉट दुप्पट तर फायदा दुप्पट. फ्लॅटमध्ये जमीन नसतेच, ते हवेत टाकलेले पैसे. आणि जमीन काही नवीन तयार होत नाही." एकेक वाक्य घेऊ.

"जमिनीची किंमत वाढते, बांधकामाची घटते." हे बरोबर आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपून जातं. नॉल, शुलारिक आणि स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी १४ प्रगत देशांतल्या १८७० ते २०१२ या काळातल्या घरांच्या किमती तपासल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या वाढीतला सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या दरवाढीचा निघाला. स्लॅब गळतो, पाइप गंजतात, वायरिंग बदलावं लागतं. जमिनीला घसारा लागत नाही. इथपर्यंत वाद नाही.

"म्हणून मोठ्या प्लॉटवरचं घर घ्या." हा 'म्हणून' कुठून आला? घराच्या किमतीत जमिनीचा वाटा किती, हे बघायचं असतं. जमीन किती चौरस फूट आहे, हा वेगळा प्रश्न. समजा दोन घरं आहेत, दोन्हींची किंमत १००. एक शहराबाहेर, ऐसपैस प्लॉटवर, नवंकोरं: जमिनीचे ४०, बांधकामाचे ६०. दुसरं भरवस्तीत, चिंचोळ्या जागेवर, जुनं: जमिनीचे ७५, बांधकामाचे २५. जमीन दोन्हीकडे वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली आणि बांधकाम २ टक्क्यांनी घसरलं असं धरा. दहा वर्षांनी पहिलं घर ११४ वर जातं, दुसरं १४३ वर. अंगण ज्याचं मोठं, तोच मागे. प्रत्यक्षात दर इतके शहाण्यासारखे वागत नाहीत, आणि बाहेरची जमीन कधीकधी झपाट्याने चढते हेही खरं. पण ती पैज रस्ता, पाणी आणि नोकऱ्या तिकडे सरकण्यावर लावलेली असते. प्लॉटच्या आकाराचा त्यात फार हात नसतो.

"प्लॉट दुप्पट तर फायदा दुप्पट." फॉरवर्डमधलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. घर बांधायला जेवढी जागा लागते तिला पूर्ण भाव मिळतो. त्यापुढच्या प्रत्येक फुटाला कमी कमी. मूल्यांकन करणाऱ्यांचा ४-३-२-१ असा एक जुना ठोकताळा आहे. प्लॉटच्या खोलीचे चार सारखे पट्टे करायचे. रस्त्यालगतच्या पट्ट्याला एकूण किमतीच्या ४० टक्के, त्यामागच्याला ३०, मग २०, आणि अगदी मागच्याला १०. तंतोतंत कुठेच लागू पडत नाही, पण मागच्या बोळकांडीचे पैसे रस्त्याच्या भावाने का मोजू नयेत, हे त्यातून चटकन कळतं.

खरी गंमत विभाजनाच्या नियमांत आहे. समजा, एखाद्या ठिकाणी किमान ५०० चौरस मीटरचाच प्लॉट वेगळा पाडता येतो. तुमच्याकडे ९०० असतील, तर वरचे ४०० म्हणजे बाग. झाडं लावा, क्रिकेट खेळा. आणखी १०० मिळाले आणि पोचरस्त्याची सोय निघाली, की त्याच जागेचे दोन प्लॉट होतात आणि किंमत एकदम उडी मारते. म्हणजे ते शेवटचे १०० चौरस मीटर आधीच्या ४०० पेक्षा मोलाचे. एफएसआयचंही, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्या मर्यादेचंही, तेच. मोठ्या जागेवर जास्त बांधायची परवानगीच नसेल, तर बिल्डर त्या मोठेपणाचे पैसे का देईल? प्लॉट बघायला जाताना टेप न्या, पण त्याआधी नियमावली वाचा.

"फ्लॅटमध्ये जमीन नसते." बहुतेक ठिकाणी इमारतीखालच्या जमिनीत तुमचा अविभाजित हिस्सा असतो. तो छोटा असतो, पण बऱ्याचदा महागड्या जागी असतो. मात्र इथे फॉरवर्डवाल्याला थोडे गुण द्यायला हवेत. हा हिस्सा फ्लॅटपासून वेगळा काढून विकता येत नाही. इमारतीने परवानगीइतकं सगळं बांधकाम आधीच वापरलं असेल, तर पुनर्विकासातही हाती फार लागत नाही. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर मुदत सरते तशी किंमत खचते. सिंगापूरमध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यावरच्या जुन्या फ्लॅटचे मालक हे चांगलंच ओळखून आहेत. आणि दोनशे एकसारख्या फ्लॅटच्या संकुलात तुम्ही विकायला काढता, तेव्हा आणखी दहा शेजाऱ्यांनीही काढलेला असतो. गिऱ्हाईक मग मजला आणि रंग बघून भाव पाडतं. त्यामानाने चार मजली, दहा-बारा घरांची, मोठ्या जागेवरची जुनी इमारत वेगळी गोष्ट आहे; तिथे एकेकाच्या वाट्याला जमीन जास्त येते. 'फ्लॅट' या एकाच शब्दात या दोघी कोंबल्या की हिशेब बिघडलाच.

शिवाय भाडं. फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखच नाही. १६ देशांतल्या १८७० ते २०१५ या काळातल्या परताव्यांचा एक गाजलेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. महागाई वजा केल्यावर घरांपासून मिळालेल्या परताव्यात किमतीच्या वाढीपेक्षा भाड्याचा वाटा मोठा निघाला. भाडेकरू भाडं देतो खोल्यांचं. मागच्या अंगणाचे तो फारसे जास्त देत नाही, आणि रिकामा प्लॉट तर उलट कर, कुंपण आणि तण काढायची मजुरी मागत बसतो.

"जमीन नवीन तयार होत नाही." अक्षरशः घेतलं तरी चूक. नेदरलँड्समधला फ्लेवोलँड हा जवळपास आख्खा प्रांत पाणी हटवून केलेल्या जमिनीवर आहे. १९८६ मध्ये त्याला प्रांताचा दर्जा मिळाला. पण ते सोडा. नवी रेल्वे लाइन पडली की कालपर्यंत 'लांब' असलेली जमीन वापरात येते, उंच बांधायची मुभा मिळाली की एकाच जमिनीवर दहापट घरं बसतात. आणि पुरवठा खरंच तुटपुंजा असला, तरी भाव चढेलच असं नाही. जपान डोंगराळ, सपाट जागा थोडी. तरीही १९९१ च्या सुमाराचं शिखर गाठल्यावर तिथल्या जमिनीचे भाव दहा वर्षांहून अधिक काळ उतरत राहिले. तिथे करासाठी लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. शिखरावर नवं घर घेतलेल्याच्या भिंती २०१३ मध्ये त्या हिशेबाने शून्यावर आल्या होत्या, आणि खालची जमीन बहुतेक ठिकाणी खरेदीच्या भावापेक्षा स्वस्तच होती.