‘ब्रह्मांक ९’ आणि चार कोटी अंकी मूळ संख्या

सांगलीतल्या निम्म्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नासाने जगातली शेवटची मूळ संख्या शोधली. ४ कोटी १० लाख अंकी! सगळे अंक मिळवत गेलं की ९ उरतो, म्हणजे ब्रह्मांक. आता हिच्यावरच सगळ्या बँकांची सुरक्षा चालणार.’ विश्रामबागेतल्या शिकवणीच्या ग्रुपवरही तो येऊन पडला आणि पोरांनी हात जोडलेले इमोजी टाकले. गणिताच्या ग्रुपवर!

४ कोटी १० लाख हे मात्र खरं. नेमके ४,१०,२४,३२० अंक. संख्या आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १.

आता तो ब्रह्मांक. अंकांची बेरीज करत करत ९ उरला, तर त्या संख्येला ९ ने भाग जातो. हे सहावीतलं पोरही सांगेल. आणि ९ ने भाग गेला, तर ती मूळ संख्या कसली? म्हणजे मेसेज स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. खरा अंक काढायला चार कोटी अंक मांडायची गरज नाही. २ चे घात घ्या आणि प्रत्येकाचे अंक मिळवत जा: २, ४, ८, मग १६ चे ७, ३२ चे ५, ६४ चा १, १२८ चे पुन्हा २. दर सहा घातांनी तेच चक्र. १३,६२,७९,८४१ ला ६ ने भागलं की बाकी ५ उरते, म्हणून चक्रातला पाचवा अंक, ५. त्यातून १ गेला, राहिले ४. झालं.

‘शेवटची’ म्हणाल, तर मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध केलंय. ही फक्त आजवर सापडलेल्यांतली सर्वांत मोठी.

खाली एकाने भर घातली: ‘२ चा कोणताही मूळ घात घ्या, १ वजा करा, मूळ संख्या तयार.’ ११ घेऊन बघा. २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९. अशा संख्यांना ज्याचं नाव आहे तो फ्रेंच गणिती मर्सेन खुद्द १६४४ साली ६७ या घातावर फसला, ती संख्या मूळ आहे म्हणाला. १९०३ मध्ये कोल या अमेरिकी गणितीने त्या संख्येचे अवयव काढून दाखवले.

बँकांचं म्हणणं तर हसण्यावारीच न्यावं. मार्केट यार्डातल्या गाळ्याची किल्ली पेपरात छापून आणली, तर कुलूप लावायचं कशाला? माहिती कुलूपबंद करायच्या आरएसए पद्धतीत साधारण तीनशे अंकी मूळ संख्या वापरतात, त्याही गुप्त ठेवून.

राहिली नासा. तिचा इथे काही संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही संख्या सापडली ती ल्यूक ड्युरंट या एनव्हिडिया या चिप कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याला, अशा मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘जिम्प्स’ या १९९६ पासून चाललेल्या हौशी लोकांच्या प्रकल्पात. त्याने देशोदेशीच्या डेटा सेंटरांतले ग्राफिक्स प्रोसेसर कामाला जुंपले होते. त्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि घरच्या संगणकावरही चालतं. इमोजी टाकणाऱ्या पोरांना त्याची लिंक पाठवली आहे.