बाळासाहेब खेर: एका ओळीत पाच चुका

‘बॅरिस्टर बी. जी. खेर, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, १९३७ ते १९५२’ ही ओळ स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये असते आणि दर २४ ऑगस्टला, खेरांच्या जयंतीला, पुन्हा फिरते. रत्नागिरीत जन्मलेल्या या माणसाचं काम मोठं आहे. म्हणूनच त्यांच्याबद्दल चुकीचं छापलेलं खटकतं.

‘महाराष्ट्राचे’ हा शब्द आधी खोडा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झालं आणि पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. खेर त्याआधीच, मार्च १९५७ मध्ये वारले होते. १९३७ च्या मुंबई प्रांतात अहमदाबाद, सुरत होतं, धारवाड, विजापूर होतं. मराठवाडा मात्र निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात. तिथे त्याच वर्षी काँग्रेसचे डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. खरे आणि खेर ही गल्लतही कायमची. खरे नागपूरचे आणि पेशाने डॉक्टर.

बरं, मुंबई प्रांताचे तरी पहिले? तेही नाहीत. प्रांतांना स्वायत्त मंत्रिमंडळं देणारा १९३५ चा भारत सरकार कायदा प्रांतांत लागू झाला १ एप्रिल १९३७ ला. निवडणुकीत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. पण गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, असं पक्षाने ठरवलं. मग गव्हर्नरांनी साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ बसवलं. जुलैच्या सुरुवातीला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता स्वीकारायला परवानगी दिली आणि १९ जुलैला खेर आले. कूपर साडेतीन महिनेच होते, पाठीशी बहुमतही नव्हतं. पण क्रम लावायचा तर पहिले तेच. खेर पहिले काँग्रेसी.

पदाच्या नावाचाही घोळ आहे. १९३५ च्या कायद्यात फक्त मंत्रिमंडळाचा उल्लेख आहे, त्याच्या प्रमुखाला वेगळं नाव नाही. इंग्रजीत ‘प्रीमियर’ रूढ झालं, मराठीत ‘मुख्य प्रधान’ किंवा ‘पंतप्रधान’. ‘मुख्यमंत्री’ हे पद राज्यघटनेतलं, म्हणजे २६ जानेवारी १९५० पासूनचं. त्याआधीच्या खेरांना मुख्य प्रधान लिहा.

‘बॅरिस्टर’ ही चूक सगळ्यात जुनी, आणि वकिली ठाऊक असलेल्यांना सगळ्यात जास्त बोचणारी. बॅरिस्टरची सनद लंडनच्या ‘इन’मधून, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संस्थेतून मिळे. खेर विल्सन कॉलेजचे पदवीधर, पुढे एलएल.बी. आणि सॉलिसिटर. १९१८ साली त्यांनी ‘मणिलाल खेर आणि कंपनी’ ही पेढी काढली. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात तिथे, तेव्हा कामाची वाटणी कडक होती. पक्षकार येई तो सॉलिसिटरकडे. कागदपत्रं तपासणं, दाव्याची तयारी, साक्षीदारांशी बोलून टिपणं काढणं, सगळं तारीखवार लावून ब्रीफ बांधणं, हे त्याचं काम. ते ब्रीफ हातात घेऊन न्यायाधीशापुढे उभा राही तो कौन्सेल. पक्षकाराला परस्पर कौन्सेलकडे जाता येत नसे. म्हणजे खेरांची वकिली कोर्टात गाजणाऱ्या भाषणांची नव्हे, टेबलावरच्या कागदांची. प्रांताचा कारभार हाकायला हीच तालीम जास्त उपयोगाची, असं आमचं मत.

राहिलं ‘१९३७ ते १९५२’. मध्ये सव्वासहा वर्षांहून मोठा खंड आहे. प्रांतांना न विचारता भारताला महायुद्धात ओढलं म्हणून नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरची राजवट आली. या काळात खेर काही काळ तुरुंगातही होते. १९४२ ला अटक झाली, सुटका जुलै १९४४ मध्ये. पुन्हा सूत्रं हाती आली ३० मार्च १९४६ ला, आणि २१ एप्रिल १९५२ ला मोरारजी देसाई त्यांच्या जागी आले. दोन्ही कारकिर्दींची बेरीज साधारण आठ वर्षं चार महिने भरते, पंधरा नाही.

नोट्समध्ये ओळच घालायची असेल तर अशी घाला: ‘बाळ गंगाधर खेर, सॉलिसिटर, मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी मुख्य प्रधान (१९३७-३९), पुन्हा १९४६ पासून, जानेवारी १९५० ते एप्रिल १९५२ मुंबई राज्याचे मुख्यमंत्री.’