पंचवीस तोळे आणि वर वीस टक्के

गेल्या रविवारी चार तास ओल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवला. कमाई: कोकच्या डब्यांच्या तीन कड्या, चॉकलेटची चांदी, नालेचा तुकडा आणि शिशाची एक गोळी. डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी या यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येते, त्यामुळे सोनं हवं असेल तर कड्याही उपसाव्या लागतात. बायको म्हणाली, "एवढं इंग्लंडला येऊन भंगारच गोळा करायचं होतं तर!"

पण इथेच, वॉरिकशायरमध्ये, डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कॅफेवाल्याला सोन्याची साखळी आणि बदामाच्या आकाराचं पेंडंट सापडलं. छंद लागून त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. साखळीला ७५ कड्या, वजन सुमारे ३०० ग्रॅम. आपल्या हिशेबात पंचवीस तोळ्यांच्या वरच. एका बाजूला गुलाब आणि डाळिंब एकाच झुडपावर, दुसऱ्या बाजूला एच आणि के. म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याची पहिली राणी कॅथरीन. गुलाब त्याच्या घराण्याचा, डाळिंब तिचं. खालच्या पट्टीवर फ्रेंचमध्ये 'कायम'. (हेन्रीने पुढे तिला सोडून आणखी पाच लग्नं केली, तेव्हा या शब्दावर मी काही बोलत नाही.) १५१८ मध्ये त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीचं लग्न फ्रान्सच्या आठ महिन्यांच्या युवराजाशी ठरलं, त्या सोहळ्यासाठी हे घडवलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. जवळून पाहिलं तर कामात घाई दिसते. लग्नघरातला सोनार पाचशे वर्षांपूर्वीही तसाच!

मला राहून राहून एकच वाटतं. हे पेंडंट त्या माणसाने आटवलं का नाही?

तो फार सज्जन असेलही. पण इथल्या १९९६ च्या कायद्याने सज्जनपणा परवडतो. तीनशे वर्षांहून जुनं सोन्या-चांदीचं काही (एखादं सुटं नाणं सोडून) सापडलं की चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला ते हवं असेल तर एक समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. या पेंडंटची किंमत ३५ लाख पौंड ठरली. सोन्याच्या भावाने त्याच्या आसपासही पोचलं नसतं. लबाड इथेही आहेत. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी हजारेक वर्षांपूर्वीचा, व्हायकिंग काळातला ठेवा सापडल्यावर कळवलाच नाही, नाणी परस्पर विकली. २०१९ मध्ये तुरुंगात गेले. बरीचशी नाणी मात्र अजून बेपत्ता आहेत.

आता आपलं. आपल्याकडचा गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर शिक्षा. मालक पुढे आला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जागामालकाला. इथवर ठीक. पण सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर द्यायचं काय? धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे हेच पेंडंट आपल्या शेतात निघालं असतं तर पंचवीस तोळ्यांचा भाव आणि वर वीस टक्के. राजा, राणी, डाळिंब, पाचशे वर्षं, सगळं त्या वीस टक्क्यांत. वर कचेरीच्या खेपा आणि गावभर बोभाटा. एवढ्यासाठी कोण जाईल? सोनाराची मूस जवळ असते.

किल्ल्यांवर यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. संरक्षित जागी खणणाऱ्याला आत टाकलंच पाहिजे. आणि गुप्तधनासाठी माणसं मारणाऱ्यांबद्दल तर आपल्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायद्यातच लिहावं लागलं. मी बोलतोय नांगराला हंडा लागलेल्या साध्या शेतकऱ्याबद्दल. त्याला खऱ्या किमतीचा वाटा द्या. तो एक पंचमांश खोडा, बाकीचं नंतर बघू.

हे मी उगाच बोलत नाही. माझ्या आजोळी विहीर खणताना गाडगं निघालं होतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट, घरात कुजबुजत सांगायचे. त्याच्या पाटल्या झाल्या, त्या मामीच्या हातात आहेत. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिला विचारलं, "मामी, गाडग्यात नक्की काय होतं गं?"

मामी पाटली मागेपुढे सरकवत म्हणाली, "नाणी होती रे बाबा, पातळ पातळ. वर काहीतरी अक्षरं होती. कोणाला वाचता येत होतं तेव्हा!"